वल्हे आणि चेंडू : प्रस्तावना

ज्या जिल्ह्यात पैनगंगा उगम पावते, परंतु उन्हाळा लागण्यापूर्वीच तिच्या पात्रात ठिकठिकाणी वाळू उघडी पडते; ज्याचे सर्वांत विख्यात सरोवर लोणारचे, आणि त्या सरोवराच्या खाऱ्या पाण्यावर कोणी नाव घातल्याचे ऐकिवात नाही; आणि ज्याच्या घाटाखालील मुलखात पूर्णेच्या आसपासच्या विहिरींना खारेच पाणी लागते, त्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभकाळातील विद्यापीठीय नौकास्पर्धा आणि बेसबॉल या विषयांवरील ग्रंथ देताना त्याचे प्रयोजन आधी सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो. केवळ परदेशातील एक नवलकथा म्हणून हा विषय सांगावयाचा असता तर मी लेखणी उचलली नसती. ज्या वर्षांत हडसन नदीवर महाविद्यालयीन युवक वल्ही मारीत होते त्याच वर्षांत अमरावती, पुणे आणि बडोदे येथे आपली माणसे आपल्या मैदानी खेळांना लिखित नियमांची चौकट देत होती, आणि या दोन उद्योगांच्या मधोमध, प्रत्यक्ष त्या नदीच्या आणि त्या मैदानांच्या सान्निध्यात, आपल्याच भाषेचे काही विद्यार्थी राहत होते. हा इतिहास म्हणजे समकालीनांचा इतिहास आहे, आणि त्यात वऱ्हाडचा वाटा आहे, हे दाखवावे एवढाच या ग्रंथाचा हेतू आहे.

हा संबंध कापसापासून सुरू होतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. खामगावच्या बाजारपेठेचा उत्कर्ष त्याच कालखंडातला. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला तोही या कापसाच्याच निमित्ताने. आता याच युद्धाची दुसरी बाजू पाहावी. निरनिराळ्या राज्यांतून आलेले तरुण शिपाई छावण्यांत फुरसतीच्या वेळी बेसबॉल खेळत, एकमेकांपासून त्याचे नियम शिकत, आणि चार वर्षांनी फौजेतून सुटून घरी परतताना तो खेळ आपापल्या गावी घेऊन जात. त्यापूर्वी तो मुख्यतः न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांचा खेळ होता. युद्धानंतर तो अवघ्या राष्ट्राचा झाला, आणि महाविद्यालयांच्या पटांगणांत तर त्याने कायमचे ठाण मांडले. एकाच युद्धाने तिकडे एका खेळाचा प्रसार केला आणि इकडे आमच्या जिल्ह्यातील एका पेठेचे भाग्य उघडले, ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते.

महाविद्यालयांतील या खेळांचा प्रारंभ मात्र युद्धाच्याही आधीचा आहे. अमेरिकेत दोन महाविद्यालयांमध्ये झालेली पहिली क्रीडास्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांची १८५२ सालची नौकाशर्यत. न्यू हॅम्पशायर प्रांतातील एका विस्तीर्ण सरोवरावर ती झाली आणि तीत हार्वर्ड विजयी झाले. परंतु तिचा खर्च उचलला तो एका रेल्वे कंपनीने, कारण नवीन मार्गावर उतारूंची गर्दी व्हावी अशी कंपनीची इच्छा होती. पुढे १८५९ च्या १ जुलैस ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन महाविद्यालयांत बेसबॉलचा पहिला सामना झाला. प्रत्येक पक्षाचे तेरा गडी होते आणि ॲमहर्स्टने ७३ विरुद्ध ३२ अशा गुणांनी तो जिंकला. तेराचे नऊ गडी होणे, चार तळांच्या चौकोनाची प्रत्येक बाजू नव्वद फुटांची ठरणे, आणि चेंडू फेकणाऱ्याची जागा १८९३ साली साठ फूट सहा इंचांवर कायम होणे, हा सारा तपशील पुढे यथास्थळी येईल. येथे एवढेच ध्यानी घ्यावे की, विसावे शतक उजाडले तेव्हा या दोन्ही खेळांचे कायदेकानू पक्के झाले होते आणि ते पाळण्याची व पाळवून घेण्याची जबाबदारी पुष्कळ अंशी विद्यार्थ्यांच्याच मंडळांकडे होती.

ज्याने आठ वल्ह्यांची शर्यतीची नाव कधी पाहिली नाही त्याच्यासाठी ती येथे थोडी वर्णन केली पाहिजे. देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या पातळ फळीची, सुमारे साठ फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद, तुरीच्या शेंगेसारखी निमुळती अशी ही नाव असते. तीत आठ जण एकामागे एक, जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतात; प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे, एकाचे डावीकडे तर पुढच्याचे उजवीकडे; आणि बैठक चाकांवर पुढेमागे सरकणारी, त्यामुळे वल्हे ओढण्याचे बळ दंडांपेक्षा मांड्यांतून आणि पाठीतून अधिक येते. जाण्याची दिशा दिसते ती एकट्या सुकाणूधराला. तो अंगाने लहानसा, तोंडाला कर्णा बांधलेला, आठांकडे तोंड करून बसलेला असतो, आणि लय त्याच्या आवाजावर चालते. आठांपैकी एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पाण्यात गेले तरी नाव डळमळते आणि उरलेल्या सातांची मेहनत वाया जाते. या खेळात एकट्याने नावाजण्यास जागाच नाही. आखाड्यात जो एकेका मल्लाचा गौरव होतो, त्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट प्रथमदर्शनी रुक्ष वाटावी हे स्वाभाविक आहे; मला स्वतःला या खेळाचे सर्वांत मोठे मोल याच गोष्टीत दिसते.

कॉर्नेल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांनी मिळून आंतरविद्यापीठीय नौकामंडळ स्थापन केले आणि १८९५ पासून हडसन नदीवर पकीप्सी या गावी बहुतेक दर वर्षी जून महिन्यात शर्यत भरू लागली. अंतर चार मैलांचे. नदीच्या काठाकाठाने लोहमार्ग जात असे, त्यावर उघड्या वाघिणींत बाके मांडून प्रेक्षकांची खास गाडी नावांच्या बरोबरीने चालविली जाई, आणि शर्यत सुटल्यापासून संपेपर्यंतची सुमारे वीस मिनिटे हजारो माणसे त्या चालत्या गाडीतून आपापल्या विद्यापीठाचा जयघोष करीत. या शर्यतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत सर्वांत दबदबा होता तो इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठाचा. १९०७ साली आणि पुन्हा १९०९ पासून १९१२ पर्यंत ओळीने चार वर्षे मुख्य शर्यत कॉर्नेलने जिंकली.

वऱ्हाडातील वाचकाने या सनांवर बोट ठेवून थांबावे. अमरावतीस शालेय शिक्षण झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले ते याच कॉर्नेल विद्यापीठात; त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली इथाकातच प्रसिद्ध झाला; आणि १९११ साली तेथील डॉक्टरेट संपादून ते त्या गावातून निघाले. कयुगा सरोवराच्या टोकाशी वसलेल्या त्या टेकडीवरच्या गावात नौकाविजयाचे सर्वांत वैभवाचे दिवस चालले होते, आणि त्याच दिवसांत त्याच टेकडीवरच्या ग्रंथालयात पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश निर्माण करणारा पुरुष जातीचा उगम शोधीत होता. ज्ञानकोशाचे मंडळ पुढे नागपुरास स्थापन झाले आणि त्याचा पहिला खंड १९२० साली पुण्याहून निघाला. अनेकांच्या श्रमांची एका लयीत जुळणी करून एक प्रचंड कार्य तडीस नेण्याची जी पद्धत ज्ञानकोशाच्या कचेरीत दिसली, तिचे मूळ कशात होते याविषयी तर्क लढविण्याचा मोह मी आवरतो. परंतु ज्या विद्यापीठात केतकर वाढले त्याचे चित्र त्याच्या नदी-सरोवरांसह डोळ्यांपुढे उभे राहिल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही, असे माझे मत आहे.

कॉर्नेलच्या या यशामागे चार्ल्स कोर्टनी नावाचा एक सुतार होता. तो स्वतः नामांकित नाविक. पैशाच्या पैजेवर वल्ही मारण्याच्या जुन्या जगातला. १८७९ साली शटाक्वा सरोवरावर कॅनडाच्या नेड हॅनलनशी त्याची मोठ्या रकमेची शर्यत ठरली असता आदल्या रात्री त्याच्या नावा कोणीतरी करवतीने कापून टाकल्या, आणि त्या प्रकरणाचा उलगडा कधीच झाला नाही. जुगाराने नासलेल्या त्या धंद्यातून बाहेर पडून हा मनुष्य विद्यापीठाचा शिक्षक झाला आणि १९२० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याने कॉर्नेलचे युवक घडविले. त्याची शिस्त करडी होती. शर्यतीच्या तोंडावर पथ्य मोडून गोड खाल्ले म्हणून त्याने आपल्या उत्तम वल्हेकऱ्यांना काढून टाकल्याची गोष्ट अद्याप सांगितली जाते. मला हा पुरुष आपल्याकडील जुन्या वस्तादांच्या जवळचा वाटतो. हातात कसब, अंगात अनुभव, पुस्तकी विद्या बेताची, आणि शिष्यांच्या आहारविहारावर पूर्ण हुकमत! विद्यापीठाने अशा माणसाला मानाने आपल्या पदरी ठेवावे, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयांनी मनावर घेण्याजोगी आहे. मल्लखांबाचे किंवा दांडपट्ट्याचे किती वस्ताद आमच्याकडे अशा मानाने राहिले, हा प्रश्न मी मोठ्या खेदाने विचारतो.

१९१३ च्या उन्हाळ्यात बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रारंभीचे काही दिवस ते हार्टली हॉलमध्ये आणि नंतर काही काळ लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. या दोन्ही वसतिगृह-इमारती विद्यापीठाच्या ज्या मैदानाच्या कडेला उभ्या आहेत त्याचे नाव साउथ फील्ड, आणि त्या काळी कोलंबियाच्या विद्यार्थ्यांचा बेसबॉल याच मैदानावर चाले. पुढे १९१४ च्या जूनमध्ये पकीप्सीची मुख्य शर्यत कोलंबियाने जिंकली. आंबेडकरांचा सारा वेळ अर्थातच ग्रंथालयात जाई. तीन वर्षांत मिळेल तेवढे ज्ञान पदरात पाडून घ्यावयाचे होते आणि शिष्यवृत्तीतील पैसा घरीही पाठवावयाचा होता. खिडकीखाली खेळ रंगला असताना एक विद्यार्थी पुस्तकावरून नजर काढीत नाही, या गोष्टीत त्या खेळाचा अनादर नाही. खेळण्याची फुरसत हीसुद्धा एक मिळकत आहे आणि ती कोणाच्या वाट्याला येते व कोणाच्या येत नाही, याचा विचार क्रीडेच्या इतिहासकाराने केलाच पाहिजे.

तेच १९१४ साल इकडे काय घेऊन आले ते पाहावे. त्या वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, हनुमान आखाडा स्थापन केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या पथकाने हुतुतूसारखे आपले खेळ जगापुढे करून दाखविले. त्याच १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम प्रथम बांधून दिले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास हुतुतूचे नियम निश्चित करून त्याच्या मोठ्या स्पर्धा भरविल्या. ज्या सयाजीराव महाराजांच्या दरबाराने आंबेडकरांना कोलंबियास पाठविले त्याच दरबाराच्या छायेत माणिकरावांचा आखाडा भरभराटला आणि पुढे द. चिं. मुजुमदार यांचा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध झाला. मैदान आखणे, गड्यांची संख्या ठरविणे, बाद कोण आणि केव्हा हे शब्दांत पकडणे, पंचाचा अधिकार सर्वांनी मान्य करणे, ही कामे वाटतात तितकी किरकोळ नाहीत. गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ जेव्हा एका छापील नियमावलीखाली येतो तेव्हा मलकापूरचा गडी आणि सातारचा गडी प्रथमच एकमेकांसमोर उभा राहू शकतो. बेसबॉलने तेरा गड्यांपासून नऊ गड्यांपर्यंत जो प्रवास केला तोच प्रवास खो-खो आणि हुतुतू अर्धशतकानंतर करीत होते, आणि करणारी माणसे आमच्या अगदी शेजारची होती.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. त्या काळी बुलढाणा जिल्ह्यात महाविद्यालय नव्हते. प्रांतातील जुनी महाविद्यालये म्हणजे नागपूरची, हिस्लॉप १८८३ चे आणि मॉरिस १८८५ चे; अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय आणि नागपूर विद्यापीठ ही दोन्ही १९२३ सालची. मेहकर किंवा चिखलीसारख्या घाटावरच्या गावच्या मुलाला मॅट्रिक झाल्यावर आधी घाट उतरून मलकापूर किंवा शेगावचे स्टेशन गाठावे लागे आणि मग पूर्वेस नागपूर किंवा पश्चिमेस मुंबई-पुणे धरावे लागे. पुण्यास जो अभियांत्रिकी शिकावयास जाई त्याला मात्र एक अपूर्व गोष्ट पाहावयास मिळे. मुळा-मुठेच्या संगमालगतच्या त्या जुन्या महाविद्यालयात १९२८ साली विद्यार्थ्यांचे नौकामंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याचा वार्षिक नौकोत्सव हा पुणेकरांचाच एक सोहळा झाला. नदीला बारमाही पाणी राही ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने १८५० मध्ये पुरा झालेल्या बंधाऱ्यामुळे. विद्यार्थ्यांनीच नावांची निगा राखावी, विद्यार्थ्यांनीच धाकट्यांना शिकवावे, जमाखर्चही त्यांनीच पाहावा, ही तेथील परंपरा केंब्रिज किंवा कॉर्नेल येथील कोणत्याही परंपरेशेजारी ताठ मानेने उभी राहील.

बेसबॉलचे बीज आपल्याकडे तसे रुजले नाही. अमेरिकन मिशनरी आमच्या जिल्ह्याला अपरिचित नव्हते; अलायन्स मिशनची ठाणी अकोल्यास होती तशी खामगाव आणि बुलढाण्यासही होती. मद्रासला हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने १९२० साली शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, आणि तशा शिक्षकांच्या प्रयत्नांतून व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल देशभर पसरले. व्हॉलीबॉलला दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू पुरतो, म्हणून तो खेड्यातील शाळेच्या अंगणापर्यंत पोचला. बेसबॉलला प्रत्येक गड्याचा हातमोजा हवा, मोठे मैदान हवे. आणि दांडू व चेंडूच्या खेळाची हौस क्रिकेटने आधीच व्यापलेली होती. त्याचे धाकटे भावंड सॉफ्टबॉल मात्र वऱ्हाड-खानदेशातील शाळांच्या मैदानांवर रुळले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

या ग्रंथातील ज्या प्रकरणावर मी सर्वांत अधिक श्रम घेतले ते बहिष्काराचे आहे. हार्वर्डच्या बेसबॉल संघात १९०२ ते १९०५ या काळात विल्यम क्लॅरेन्स मॅथ्यूज हा कृष्णवर्णी युवक अव्वल दर्जाचा खेळाडू होता. दक्षिणेतील महाविद्यालयांनी त्याच्याशी खेळण्यास हरकत घेतली, आणि शिक्षण संपल्यावर व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य संघांचे दरवाजे त्याला बंदच राहिले. कृष्णवर्णी खेळाडूंसाठी ते उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्याच काळात पुण्यास पळवणकर बाळू, ज्यांच्या गोलंदाजीवाचून हिंदू संघाचे चालत नसे, त्यांना मैदानावर चेंडू हाती दिला जाई, पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि तोही मंडपाबाहेर. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी जिम थॉर्प याची १९१२ ची ऑलिंपिक पदके पुढल्याच वर्षी काढून घेतली गेली, कारण त्याने दोन उन्हाळे थोड्याशा मेहनतान्यावर बेसबॉल खेळला होता. श्रीमंतांची महाविद्यालयीन मुले खोटी नावे घेऊन तेच करीत असत. त्याची पदके त्याला मान्य झाली ती १९८२ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी. आठ जणांनी एका लयीत वल्हे मारावे हे तत्त्व सुंदर आहे, पण नावेत कोणाला बसू द्यावयाचे हे ठरविणारा हात काठावर असतो. त्या हाताविषयी न लिहिता या खेळांची केवळ स्तुती करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले असते.

राहिला प्रश्न कोरड्या मुलखाचा. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या पाण्यासाठी तरसणाऱ्या गावचा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा दत्तू भोकनळ हा तरुण सैन्यात भरती झाल्यावर पुण्यातील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात वल्हे हाती धरावयास शिकला. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेत तो तेरावा आला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळविले. तेव्हा आमच्या घाटावरच्या किंवा घाटाखालच्या मुलाला वल्हे परके आहे असे यापुढे कोणी म्हणू नये.

ग्रंथाची रचना कालानुक्रमे केली असली तरी तो त्याच क्रमाने वाचला पाहिजे असा माझा आग्रह नाही. ज्याला खेळाची घडण समजून घ्यावयाची आहे त्याने नावेची बांधणी आणि चेंडूफेकीची तंत्रे सांगणारी प्रकरणे प्रथम वाचावीत. शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांनी विद्यार्थीमंडळांचे कायदे आणि त्यांचे जमाखर्च यांवरील प्रकरण आधी उघडावे, कारण उद्या आपल्या शाळेत एखादे क्रीडामंडळ काढावयाचे झाल्यास त्यांना सर्वांत अधिक उपयोग त्याचाच होईल. अंतराची आणि वजनाची मापे मी त्या काळच्या प्रघाताप्रमाणे मैल, फूट आणि पौंड यांतच ठेवली आहेत, आणि परदेशी विशेषनामे ज्या उच्चाराने मराठी वाचकाच्या कानी पडतात त्या उच्चाराने लिहिली आहेत.